पॅराशूट उघडत नाही? मोटर बदलण्याआधी एवढं तपासा

रॉकेट सरळ वर जातं, मुलं नाचायला लागतात, आणि मग ते नाक खाली करून तसंच येतं नि गवतात रुततं. मी ओहायोत राहते. आमच्या मराठी शाळेतली मुलं एप्रिलपासून थंडी पडेपर्यंत महिन्यातल्या एका शनिवारी मैदानावर मॉडेल रॉकेटं उडवतात आणि गेली नऊ वर्षं मी त्यांच्याबरोबर असते. मुलं "काकू, हे बघा ना" म्हणत मोडकं रॉकेट हातात ठेवतात, तेव्हा दहातल्या आठ वेळा दुखणं एकच निघतं: पॅराशूटनं काम केलेलं नसतं.

पालकांचा पहिला संशय मोटरवर, म्हणजे रॉकेटच्या मागे बसवायच्या, एकदाच जळणाऱ्या इंधनाच्या कागदी कांडीवर जातो. मग दुकानातून वेगळी, जास्त जोराची मोटर येते आणि रॉकेट अधिक उंचावरून येऊन अधिक जोरात आपटतं. म्हणून ही पोस्ट. खालच्या तपासण्या फुकटच्या नि सोप्या आहेत त्या आधी, खर्चिक नि अवघड त्या नंतर, अशा क्रमानं लिहिल्या आहेत. क्रम मोडू नका आणि एका उड्डाणात एकच गोष्ट बदला. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि पॅराशूट उघडलं, तर कशामुळे उघडलं ते कळत नाही आणि पुढच्या शनिवारी पुन्हा तेच.

उदाहरणासाठी मी अल्फा थ्री हे किट धरते, कारण आमच्याकडची बहुतेक मुलं त्याच्यावरच सुरुवात करतात. साधारण एक फूट उंच, इंचभर जाडीची कागदी नळी, प्लास्टिकचा नोज कोन (वरचं निमुळतं टोक), प्लास्टिकचे पंख आणि बारा इंची पॅराशूट. बाकीची पहिल्या पायरीची किटंही याच जातकुळीची असतात.

लक्षणं

आधी काय दिसलं आणि काय ऐकू आलं ते आठवा. वर "फट" असा आवाज आला का? तो आवाज म्हणजे पॅराशूट बाहेर ढकलणारी दारू पेटली. आवाज कधी आला, यावर अर्धं निदान होतं.

आवाज वेळेवर आला, कोनही सुटला, पॅराशूट बाहेर आलं, पण गुंडाळीच राहिली: घडी, थंडी किंवा पावडर. तपासणी १.

पॅराशूट बाहेर आलं पण त्याला भोकं पडलीत, किंवा प्लास्टिक वितळून एकमेकाला चिकटलंय: वॅडिंग, म्हणजे आत भरायचा, आग न धरणारा कागद. तपासणी २.

आवाज आला पण कोन जागचा हललाच नाही, किंवा कोन सुटून नुसता लोंबतोय आणि पॅराशूट नळीतच आहे: कोन घट्ट, किंवा आत फार ठासून भरलंय. तपासणी १ आणि ३.

कोन आणि पॅराशूट एकीकडे तरंगत गेले, नळी दुसरीकडे पडली: शॉक कॉर्ड, म्हणजे नळीला कोनाशी जोडणारी रबरी दोरी. तपासणी ४.

रॉकेट पडलं आणि त्यात मोटरच नाही: मोटर मागच्या मागे उडून गेली. तपासणी ५, पण ३ सुद्धा बघा, दोन्ही बरेचदा जोडीनं येतात.

आवाज जमिनीजवळ आला, किंवा रॉकेट पडल्यावर आला: मोटरचा नंबर. तपासणी ६.

आवाज आलाच नाही. हे वेगळं प्रकरण आहे. पडलेल्या रॉकेटकडे लगेच धावू नका, मुलांना धावू देऊ नका. निदान एक मिनिट लांब उभे राहा. आतली दारू अजून पेटायची बाकी असू शकते आणि ती हातात पेटली तर बोटं भाजतात.

सगळ्याआधी: मोटर उजेडाकडे धरून बघा

मोटर थंड झाली की बाहेर काढा आणि दुर्बिणीसारखी उजेडाकडे धरा. मागच्या मातीच्या नोझलच्या छिद्रातून प्रकाशाचा बारीक ठिपका आरपार दिसला, तर इंधन, विलंबाचा भाग (दारू पेटायला काही सेकंद उशीर लावणारा) आणि पुढची दारू असं सगळं जळून गेलंय. मोटरनं तिचं काम चोख केलंय, चूक आपल्या बांधणीत किंवा भरणीत आहे. ठिपका दिसला नाही, पुढचं टोक बंदच आहे, तर तपासणी थांबवा आणि खाली "कुठे थांबायचं" तिकडे जा.

दहा सेकंदांची ही तपासणी कोणी करत नाही, कारण रिकामी मोटर आधी कचऱ्यात जाते. टाकू नका, निदान होईपर्यंत जपून ठेवा.

१. घडी, पावडर, थंडी

मागच्या एप्रिलमधली गोष्ट. सकाळचे नऊ, गवतावर दव, हवा बोचरी. तिसरीतल्या एका मुलानं आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावर पॅराशूट इतकं नीटनेटकं गुंडाळून भरलं होतं की त्याची आई कौतुकानं सांगत होती. रॉकेट वर गेलं, "फट" झालं, आणि खाली आलं ते दोऱ्यांना बांधलेल्या पानाच्या विड्यासह. विडा माझ्या हातात आला तेव्हाही तो तसाच होता. मी बोटांनी कडा सोडवल्या तर प्लास्टिकनं प्रत्येक घडी धरून ठेवलेली, सोडली की परत मिटायची.

पातळ पॉलिथिन थंडीत कडक होतं आणि रात्रभर दाबून ठेवलं की घडीचा आकार धरतं. वर गेल्यावर ते उघडायला वारा पुरतो, पण आधी कुठूनतरी हवा आत शिरली पाहिजे. चिकटलेल्या थरांत ती शिरत नाही.

उपाय फुकटचा आहे. पॅराशूट घरून भरून आणायचं नाही. ते जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवायचं आणि रॉकेट पॅडवर, म्हणजे उडवायच्या स्टँडवर, नेण्याच्या पाच मिनिटं आधी घडी घालायची. घडीआधी दोन्ही बाजूंना बेबी पावडर चोळायची. लहान पिशवीत चमचाभर पावडर नि पॅराशूट घालून हलवलं तरी चालतं. मग मधोमध चिमटीत धरून छत्रीसारखं मिटवायचं, दोऱ्या सरळ करायच्या, एक-दोनदा दुमडायचं आणि सैल गुंडाळायचं. दोऱ्यांचे वेढे एक किंवा दोनच. इथं नीटनेटकेपणा घात करतो. सात-आठ वेढे घातले की वर ते सुटेपर्यंत जमीन येते.

नीट भरलंय की नाही हे ओळखायची एकच खूण मी मुलांना शिकवते: नळी उलटी केली की पॅराशूट आपोआप तळहातावर पडलं पाहिजे. बोटानं ढकलून आत घालावं लागत असेल तर ते बाहेरही यायचं नाही.

२. वॅडिंग

वॅडिंग म्हणजे मोटर आणि पॅराशूटच्या मध्ये भरायचा, आग न धरणारा कागद. मागून येणारा वायू गरम असतो, त्यात जळते कण असतात. वॅडिंग ते कण अडवतं आणि दट्ट्यासारखं पॅराशूट पुढे ढकलतं. लोकांना पहिलं काम माहीत असतं, दुसरं विसरतात.

अल्फासारख्या नळीला तीन-चार तुकडे लागतात. प्रत्येक तुकडा वेगळा, हलक्या हातानं चुरगळून सोडायचा. नळीच्या जाडीच्या दीड ते दोन पट उंचीचा थर झाला पाहिजे आणि कडेनं फट राहता कामा नये. सगळे तुकडे एकत्र करून घट्ट गोळा केला की कडेनं वायू निसटतो, पॅराशूट भाजतं आणि पुढे ढकललंही जात नाही. पेन्सिलीनं ठासून बसवू नका.

पाकीट संपलं म्हणून किचन टॉवेल किंवा टिश्यू भरू नका. तो पेटतो आणि पेटलेला तुकडा वाळक्या गवतावर पडतो. ऑगस्टमध्ये आमचं मैदान कडबा झालेलं असतं. वॅडिंग नसेल तर त्या दिवशी रॉकेट उडवायचं नाही, मुलं रुसली तरी चालेल.

३. नोज कोन

कोन सैल हवा की घट्ट? रॉकेट उलटं धरून हलकेच हलवलं तर कोन पडू नये, पण दोन बोटांनी ओढला की विनासायास निघावा. नवं, एकदाही न उडवलेलं रॉकेट असेल तर वॅडिंग नि पॅराशूट भरून मागून मोटरच्या नळीत जोरात फुंक मारा. कोन "टप" करून सुटला पाहिजे. मुलांना ही तपासणी फार आवडते. उडून आलेल्या रॉकेटला मात्र तोंड लावू नका, आत काजळी असते.

कोन घट्ट बसण्याचं कारण शोधताना मी आधी रंग बघते. स्प्रे मारताना कोन काढून ठेवलेला असतो, नळीचं तोंड उघडं असतं आणि रंगाचा ओघळ आतल्या काठावर वाळतो. नखानं चाचपलं की कड लागते. बारीक सँडपेपर बोटाला गुंडाळून आतून फिरवला की काम होतं. कोनाच्या खालच्या भागावर प्लास्टिकच्या जोडाची उभी रेघ उठून आलेली असते, तीही घासा. कागदी नळी दमट हवेत किंचित फुगते, म्हणून घरी सुटणारा कोन दवात सुटेनासा होतो. पॅडवर न्यायच्या आधी पुन्हा एकदा ओढून बघा.

फार सैल असेल तर मास्किंग टेपची एक पट्टी लावा. सैल कोनही धोक्याचाच. मोटर विझल्यावर रॉकेटचा वेग एकदम कमी होतो, कोन आपल्या वेगानं पुढे निसटतो आणि पॅराशूट भर वेगात बाहेर येतं. मग दोऱ्या तुटतात किंवा शॉक कॉर्ड नळीला चेन उघडल्यासारखी उभी फाडते.

४. शॉक कॉर्ड

कॉर्ड दोन ठिकाणी तुटते: जिथे चिकटवली आहे तिथे, आणि गरम वायूनं खाल्लेल्या जागी. दर उड्डाणानंतर ती दोन बोटांत धरून पूर्ण लांबी ओढून बघा. रबर काळं पडलंय, चिरा दिसतायत, ताणल्यावर मागे येत नाही, तर बदला. चार उड्डाणं झालेली कॉर्ड अजून चालेल असं म्हणून मी दोन रॉकेटं गमावली आहेत.

चिकटवण्याची घडी, म्हणजे कॉर्ड आत ठेवून तीनदा दुमडलेला कागद, नळीच्या तोंडापासून पुरेशी आत हवी. कोनाचा खालचा भाग जेवढा आत जातो, त्याच्याही खाली. ती वर राहिली तर कोन तिच्यावर अडकतो आणि तुम्ही उगाच कोन घासत बसता. पांढऱ्या किंवा लाकडाच्या गोंदानं चिकटवून रात्रभर वाळू द्या. मुलांना तासाभरात उडवायचं असतं, हे मला माहीत आहे. तरी रात्रभर.

५. मोटर धरून ठेवणारा हुक

दारू पेटली की वायू दोन्हीकडे ढकलतो, जिकडे अडथळा कमी तिकडून वाट काढतो. पुढे कोन सैल आणि मागे मोटर पक्की असेल तर पॅराशूट बाहेर येतं. उलट असेल तर मोटरच मागे उडते आणि पॅराशूट आत बसून राहतं. म्हणून धातूचा हुक मोटरच्या टोकाशी पूर्ण बसलाय ना, वाकून बाहेर गेलाय का, हे बघा. वाकला असेल तर हलक्या हातानं आत वाकवा. हुक नसलेल्या किटमध्ये मोटरभोवती मास्किंग टेपचे वेढे देऊन ती घट्ट बसवतात. ती हातानं सहज मागे ओढता येत असेल तर अजून एक वेढा द्या.

६. मोटरचा नंबर

आता मोटरकडे वळायला हरकत नाही. मोटरवर ए८-३, बी६-४, सी६-५ असं लिहिलेलं असतं. अक्षर एकूण ताकद सांगतं: ए मोटरची जास्तीत जास्त अडीच न्यूटन-सेकंद, बीची पाच, सीची दहा. मधला आकडा सरासरी जोर न्यूटनमध्ये. शेवटचा आकडा आपल्या कामाचा: इंधन संपल्यावर किती सेकंदांनी पॅराशूटची दारू पेटणार.

रॉकेट इंधन संपल्यावरही काही सेकंद वरच जात असतं. सगळ्यात उंच ठिकाणी ते क्षणभर जवळजवळ थांबतं आणि तेव्हा पॅराशूट बाहेर यायला हवं. मुलांनी रंगाचे चार थर दिले, पंखांच्या मुळाशी गोंद ओतला, वर स्टिकर लावले की रॉकेट जड होतं, कमी उंच जातं आणि लवकर वळतं. मग सी६-७ मधले सात सेकंद फार होतात. नाक खाली करून वेगात येताना दारू पेटते. अशा रॉकेटला शेवटचा आकडा लहान असलेली मोटर द्या. उलट, रॉकेट अजून जोरात वर जात असतानाच "फट" झालं, तर मोठा आकडा. किटच्या कागदावर कोणत्या मोटरी चालतात ते छापलेलं असतं, त्याबाहेर जाऊ नका. अल्फा थ्रीचं पहिलं उड्डाण ए८-३ वरच करा.

सी६-० किंवा बी६-० घेतली नाही ना, हेही बघा. शून्य म्हणजे विलंब नाही. ती दोन टप्प्यांच्या रॉकेटची खालची मोटर असते. एस्टीज कंपनीच्या मोटरींवर एकेरी रॉकेटसाठी हिरवी, वरच्या टप्प्यासाठी जांभळी आणि खालच्या टप्प्यासाठी लाल छपाई असते. घाईत लाल पाकीट उचलणारे पालक मी पाहिलेत.

मोटरी कुठे ठेवता तेही महत्त्वाचं. उन्हाळ्यात तापणारी नि हिवाळ्यात गोठणारी गॅरेज, गाडीची डिकी, या जागा वाईट. वारंवार तापून-थंड होऊन आतलं इंधन कागदी कवचापासून सुटतं आणि पेटवल्यावर मोटर फुटू शकते. घरात, कोरड्या जागी, मुलांच्या हाताला न येईल अशी ठेवा.

आणि सुट्टीत पुण्याला किंवा नाशिकला जाताना भाच्यासाठी बॅगेत मोटर टाकू नका. विमानात त्या ना हातातल्या बॅगेत चालतात, ना आत दिलेल्या सामानात. न उडवलेलं किट, म्हणजे नुसती नळी-पंख-पॅराशूट, खुशाल न्या.

७. आत वायू गळतोय

हे सगळं ठीक आहे, मोटर आरपार दिसतेय, आणि तरी पॅराशूट जेमतेम अर्धं बाहेर येतं? मग टॉर्च घेऊन नळीत बघा. मोटर धरणाऱ्या कागदी कड्यांच्या कडेला काजळीची रेघ असेल तर वायू तिथून मागे निसटतोय. लांब काडीनं गोंदाची कड फिरवून फट बंद करता येते, पण हात थरथरला की गोंदाचा थेंब मधेच वाळतो आणि त्या गाठीवर पॅराशूट अडकतं. अशी गाठ आधीपासूनच असू शकते. बोट किंवा पेन्सिल आत फिरवून चाचपा. माझं स्पष्ट मत: पहिल्या किटमध्ये इतकं आत बिघडलं असेल तर दुसरं किट बांधा. कडी बसवताना दोन्ही बाजूंनी गोंदाची अखंड कड द्या, बस्स.

यातल्या बहुतेक गोष्टी या छंदाइतक्याच जुन्या आहेत. नेब्रास्कातल्या नॉरफोक गावात बुटांचं दुकान चालवणाऱ्या ऑर्व्हिल कार्लाइल यांनी १९५४ च्या सुमारास असं पहिलं रॉकेट केलं, तेव्हा त्याचं नावच ठेवलं रॉक-अ-शूट. पॅराशूट नावातच होतं.

कुठे थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

मोटर उजेडाकडे धरली आणि आरपार दिसली नाही, म्हणजे पुढची दारू आत शिल्लक आहे. ती कोरू नका, टोचू नका, कापू नका, पुन्हा पेटवून बघू नका. जमिनीवर मोटर पेटवून पॅराशूट सुटतं का हे बघण्याचा प्रयोगही कोणी करू नये. मोटर पाण्यात बुडवून ठेवा, भिजून तिचा लगदा होऊ द्या, आणि तिची विल्हेवाट कशी लावायची ते उत्पादकाला विचारा.

एकाच पाकिटातल्या दोन मोटरी अशा निघाल्या, किंवा एखादी पॅडवरच फुटली, तर ते सगळं पाकीट वापरणं बंद करा. अमेरिकेत नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री ही १९५७ पासूनची संस्था आहे. बिघडलेल्या मोटरींची नोंद ती ठेवते आणि तिचे स्थानिक क्लब नवख्यांना मदत करतात. मी स्वतः दोनदा तिथल्या अनुभवी माणसाला रॉकेट दाखवून आले आणि दोन्ही वेळा त्यांना मला न दिसलेली चूक दोन मिनिटांत दिसली.

तीन उड्डाणं सलग नाक खाली करून आली तर चौथं करू नका. आपटलेल्या रॉकेटची नळी चुरगळते, पंख हलतात, आणि पुढच्या वेळी ते सरळ जाईल याची खात्री राहत नाही. खाली मुलं उभी असतात.

पॅराशूट उघडलं पण विजेच्या तारेवर अडकलं, तर काठी नको, शिडी नको. वीज कंपनीला फोन करा किंवा ते रॉकेट सोडून द्या. गवत पेटलं आणि सोबत आणलेल्या पाण्यानं लगेच विझलं नाही, तर ९११.

उत्पादकाला किंवा क्लबला लिहिताना मोटरवरचा पूर्ण नंबर, कवचावर छापलेला तारखेचा कोड, रॉकेटचं वजन, हवा किती गार होती, "फट" आवाज नेमका कधी आला, एवढं लिहा, आणि रिकाम्या मोटरीचा दोन्ही टोकांकडून काढलेला फोटो जोडा.